दातात भरलेले सिमेंट धरून राहते कशाच्या जोरावर?

युरोपीय संघातील देशांमध्ये १ जानेवारी २०२५ पासून दातांत ‘चांदी’, म्हणजे पारा मिसळलेले धातूचे मिश्रण, भरणे, काही वैद्यकीय अपवाद वगळता, बंद झाले आहे. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणाऱ्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या बैठकीत २०३४ पर्यंत ती जगभरातून हद्दपार करण्याचे ठरवले, आणि भारतानेही २०१८ मध्ये या कराराला अनुमोदन दिलेले आहे. अशा बातम्या वाचल्या की ज्यांच्या दाढांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची चांदी आहे ते धास्तावतात. ज्यांना नुकतीच कीड लागली आहे त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न असतो: दातांच्या रंगाचे फिलिंग महाग का, आणि ते करायला इतका वेळ का लागतो?

या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की आपण पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येतो. दातात भरलेला पदार्थ दाताला चिकटतो की नुसता अडकून राहतो, यावर बहुतेक सगळे अवलंबून आहे. दंतवैद्यकाच्या इतिहासाचा फार मोठा भाग हा ‘अडकवण्या’कडून ‘चिकटवण्या’कडे जाण्याचा इतिहास आहे, आणि पाऱ्याच्या चर्चेत ही बाजू झाकोळून जाते असे मला वाटते.

दात म्हणजे एकच पदार्थ नव्हे

दाताचे बाहेरचे पांढरे कवच म्हणजे इनॅमल. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. इनॅमलच्या आत डेंटिन असते. त्यात सुमारे ७० टक्के खनिज असते आणि उरलेल्या भागात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे व पाणी असते. डेंटिनमधून दाताच्या नसेकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या हजारोंच्या संख्येने असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो.

म्हणजे एकाच दातात एक कोरडी, दगडासारखी भिंत आहे आणि तिच्या आत एक कायम ओल धरणारी भिंत आहे. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर ऑइलपेंट धरत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. दातांना काही चिकटवू पाहणाऱ्यांपुढे हीच अडचण होती, आणि त्यातून वाट काढायला बरीच दशके जावी लागली.

पोकळी बुजवण्याचे प्रयत्न मात्र फार जुने आहेत. स्लोव्हेनियातील एका गुहेत सापडलेल्या सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीच्या जबड्यात, एका सुळ्याच्या चिरेवर मधमाशीचे मेण आढळले असून त्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त किडून पोकळ झालेला दात गुळाने किंवा मेणाने भरून डागावा असे सांगितले आहे. मेण पोकळी झाकते आणि काही काळ थंड-गरम लागू देत नाही, पण चावण्याचा भार ते सोसू शकत नाही.

चांदी चिकटत नाही, अडकते

ज्याला आपण चांदी म्हणतो ते अमाल्गम म्हणजे चांदी, कथिल आणि तांबे यांची भुकटी पाऱ्यात कालवून केलेले मिश्रण होय. त्यात निम्म्याच्या आसपास पाराच असतो. कालवल्यावर ते मऊ असते, खड्ड्यात दाबून बसवता येते आणि थोड्या वेळात धातूसारखे घट्ट होते. १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी ते न्यूयॉर्कमध्ये आणले आणि लगेच वादाला तोंड फुटले. अमेरिकेतील दंतशल्यचिकित्सकांच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेने अमाल्गम न वापरण्याची लेखी हमी सदस्यांकडून मागितली, आणि याच वादात ती संघटना १८५६ मध्ये मोडली. पाऱ्याविषयीची शंका आजकालची नाही, हे यावरून लक्षात यावे.

अमाल्गम टिकले ते त्याच्या मजबुतीमुळे. शिकागोचे जी. व्ही. ब्लॅक यांनी १८९० च्या दशकात त्यातील धातूंचे प्रमाण नीट बसवून दिले आणि खड्डा कसा कोरायचा याचे नियमही घालून दिले. या नियमांची गरज का पडली, हे समजून घेण्यासारखे आहे. अमाल्गम दाताला अजिबात चिकटत नाही. ते बाहेर पडू नये म्हणून खड्ड्याचा आकार माठासारखा, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद, असा करावा लागतो. शिवाय पातळ थरात ते तुटते, म्हणून खड्डा पुरेसा खोल हवा. परिणामी मुगाच्या दाण्याएवढ्या किडीसाठी तिच्या आजूबाजूचा चांगला दातही कोरून काढावा लागत असे. ही चूक कोणा डॉक्टरची नव्हती. चिकटणारा पदार्थच हाताशी नसल्यामुळे निरोगी दाताला ती किंमत मोजावी लागत होती.

भुकटी, द्रव आणि लवंग

दंतवैद्यकात ‘सिमेंट’ म्हणजे बहुधा एक भुकटी आणि एक द्रव. दोन्ही कालवले की त्यांची रासायनिक प्रक्रिया होऊन घट्ट पदार्थ तयार होतो. भुकटी अल्कधर्मी असते आणि द्रव आम्लधर्मी, एवढे लक्षात ठेवले की पुढचे बरेचसे उलगडते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झिंक ऑक्साइड ही भुकटी कायम राहिली आणि तिच्या जोडीला वेगवेगळे द्रव आले. तिच्यात फॉस्फोरिक आम्ल मिसळले की झिंक फॉस्फेट सिमेंट होते. कॅप बसवण्यासाठी या सिमेंटने शंभर वर्षांहून अधिक काळ काम केले आहे. ते कालवताना उष्णता निघते, म्हणून थंड केलेल्या काचेच्या पाटीवर थोडी थोडी भुकटी घेत ते पसरून घोटायचे असते. हे सिमेंटही चिकटत नाही. डब्याला घट्ट झाकण बसावे तशी कॅप कोरलेल्या दातावर बसते, आणि मधल्या बारीक फटीतले सिमेंट दोन्हीकडच्या खडबडीत पृष्ठभागांत पाचरीसारखे अडकून तिला धरते. आखूड, फार निमुळत्या कोरलेल्या दातावरची कॅप वारंवार निघते याचे कारण या रचनेतच आहे.

त्याच झिंक ऑक्साइडमध्ये लवंगेच्या तेलातील युजेनॉल मिसळले की तात्पुरते भरण्याचे, दुखणे शमवणारे सिमेंट मिळते. दवाखान्याच्या दारातच येणारा तो ओळखीचा वास बऱ्याच अंशी याचाच असतो. मात्र पुढे ज्या रेझिनविषयी, म्हणजे आधी पातळ असून नंतर प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या पदार्थाविषयी, सांगायचे आहे, त्याच्या घट्ट होण्याच्या प्रक्रियेत युजेनॉल अडथळा आणते. दाढ दुखते म्हणून घरी लवंगेचे तेल लावले असेल, तर फिलिंगच्या आधी डॉक्टरांना तसे सांगणे बरे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचेची भुकटी आणि फॉस्फोरिक आम्ल यांपासून केलेले, काहीसे पारदर्शक सिलिकेट सिमेंट आले आणि समोरच्या दातांना प्रथमच दातासारखा रंग मिळाला. लाळेत ते हळूहळू विरघळे, पण त्याच्या कडेने पुन्हा कीड लागण्याचे प्रमाण कमी असे. काचेतील फ्लोराइड सावकाश बाहेर येऊन दाताला मिळत होते, हे त्यामागचे कारण.

रंगकामातून आलेली युक्ती

१९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ईस्टमन दंतसंस्थेत काम करणारे मायकेल बुओनोकोर यांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. धातूवर रंग किंवा रेझिनचा थर नीट बसावा म्हणून उद्योगांत आधी फॉस्फोरिक आम्लाने पृष्ठभाग तयार करून घेत असत. हाच उपाय त्यांनी इनॅमलवर करून पाहिला. ८५ टक्के तीव्रतेचे आम्ल तीस सेकंद लावले, धुतले, वाळवले आणि त्यावर ॲक्रिलिकचे थेंब बसवले. आम्लाविना लावलेले थेंब काही तासांतच गळून पडत, तर आम्लाने तयार केलेल्या दातांवरचे थेंब कित्येक आठवडे टिकून राहिले.

असे का झाले, हे समजायला पाटा-वरवंटा आठवावा. वापरून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर वाटण सरकते, म्हणून त्याला टाकी लावून घेतात. आम्ल इनॅमलला अशीच टाकी लावते, फक्त ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक असते. इनॅमलमधील खनिज काही ठिकाणी जास्त आणि काही ठिकाणी कमी विरघळते, असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात, पातळ रेझिन त्यांत शिरते आणि तेथेच घट्ट होते. गुंतलेल्या त्या असंख्य ‘मुळ्या’ उपटून काढणे सोपे नसते.

एवढ्या साध्या कृतीने दंतवैद्यकाच्या अनेक शाखा बदलल्या. दात सरळ करण्यासाठी पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी चढवावी लागे. आता छोटे चौकोनी तुकडे थेट दातावर चिकटवतात. दाढांच्या खोल चिरा कीड लागण्यापूर्वीच रेझिनने बंद करण्याची पद्धत १९६७ मध्ये क्वेतो आणि बुओनोकोर यांनी मांडली, आणि लहान मुलांच्या दाढांसाठी ती आजही अतिशय मोलाची आहे.

रेझिन, काचेची पूड आणि कापूर

बुओनोकोर यांनी चिकटवण्याचा मार्ग दाखवला, पण चिकटवायला चांगला पदार्थ नव्हता. त्या काळचे ॲक्रिलिक घट्ट होताना खूप आकसत असे आणि झिजतही असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत संशोधन करणारे दंतवैद्य राफेल बोवेन यांनी मोठ्या रेणूंचे, कमी आकसणारे बिस-जीएमए हे रेझिन तयार केले आणि त्यात सिलिकाची बारीक पूड अशा रीतीने मिसळली की पूड व रेझिन एकमेकांना धरून राहतील. त्याचे पेटंट १९६२ मध्ये मिळाले. आजच्या ‘कॉम्पोझिट’ फिलिंगची सुरुवात येथे झाली. सिमेंटमध्ये खडी-वाळू घातल्याने काँक्रीट मजबूत होते, त्यासारखेच हे आहे.

कॉम्पोझिट घट्ट करण्यासाठी निळा प्रकाश वापरतात. सुरुवातीला, १९७० च्या दशकात, अतिनील किरण वापरले जात होते, पण लवकरच त्यांची जागा साध्या दृश्य निळ्या प्रकाशाने घेतली. फिलिंगमध्ये बहुधा कॅम्फरक्विनोन नावाचा पिवळसर पदार्थ असतो. तो निळा प्रकाश शोषून घेतो आणि रेझिनच्या रेणूंची साखळी जोडायला सुरुवात करून देतो. आपल्या देवघरातल्या कापराचाच हा रासायनिक नातेवाईक आहे. प्रकाश फार खोल जात नाही, म्हणून साधारण दोन मिलिमीटरचा एक थर घालायचा, त्यावर प्रकाश टाकायचा आणि मग पुढचा थर, असे करावे लागते. वेळ लागतो तो इथे. हा प्रकाश अतिनील नसला तरी त्याच्याकडे एकटक पाहणे डोळ्यांना चांगले नाही, आणि नारिंगी रंगाची ढाल त्यासाठीच असते.

ओलसर डेंटिनचे कोडे

इनॅमलचा प्रश्न सुटला तरी बहुतेक खड्डे डेंटिनपर्यंत पोचलेले असतात. तेथे आम्ल लावले तर नसेला इजा होईल, अशी भीती पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ होती. जपानमध्ये ताकाओ फुसायामा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इनॅमल आणि डेंटिन दोन्हींवर आम्ल लावून चिकटवण्याचा मार्ग धरला, आणि १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी आत नेमके काय घडते ते दाखवले.

आम्लाने डेंटिनच्या वरच्या थरातील खनिज निघून जाते आणि कोलॅजेनच्या धाग्यांची जाळी उघडी पडते. तिच्यात रेझिन झिरपून घट्ट झाले की दात आणि रेझिन यांच्या मिश्रणाचा एक अतिशय पातळ थर तयार होतो. त्याला ‘संकरित थर’ म्हणतात. स्लॅब घालताना आधी सळयांची जाळी बांधतात आणि मग तिच्यात काँक्रीट ओततात. इथे कोलॅजेनचे धागे सळयांचे काम करतात आणि रेझिन काँक्रीटचे.

पण ही जाळी पाण्याच्या आधाराने उभी असते. हवेच्या झोताने ती फार वाळवली तर खांब काढलेल्या मंडपाच्या कापडासारखी खाली बसते, आणि मग रेझिनला आत शिरायला जागाच उरत नाही. फार ओली ठेवली तर पाणी रेझिनला आत येऊ देत नाही. अमेरिकेतील जॉन कान्का यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस डेंटिन किंचित ओलसर ठेवूनच चिकटवावे हे पटवून दिले. हा ‘किंचित’ डॉक्टरच्या नजरेवर आणि हातावर अवलंबून असतो. दोन ठिकाणी एकाच कंपनीचा माल वापरून केलेली फिलिंगे सारखी टिकत नाहीत, याचे एक कारण हे आहे. नंतरच्या काळात, वेगळे आम्ल न लावता दाताला स्वतःच तयार करणारी आणि खनिजातील कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध जोडणारी द्रव्ये आली. त्यांनी हे काम थोडे सोपे केले आहे.

आपणहून चिकटणारे सिमेंट

ब्रिटनमध्ये त्याआधीच दुसरी वाट निघाली होती. मँचेस्टरमध्ये डेनिस स्मिथ यांनी १९६८ मध्ये झिंक ऑक्साइडबरोबर फॉस्फोरिक आम्लाऐवजी पॉलिॲक्रिलिक आम्ल वापरले. या आम्लाचे लांब रेणू दातातील कॅल्शियमला रासायनिक रीतीने धरतात. दाताला खऱ्या अर्थाने चिकटणारे हे पहिले सिमेंट होते. त्यानंतर लंडनच्या सरकारी रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी जुन्या सिलिकेटची फ्लोराइड देणारी काचेची भुकटी आणि स्मिथ यांचे द्रव एकत्र आणले. १९७० च्या दशकाच्या आरंभी आलेले हे ग्लास आयोनोमर सिमेंट दाताला आपणहून चिकटते, दात थोडा ओलसर असला तरी चालते आणि वर फ्लोराइडही देते. दोन्ही पूर्वजांचे चांगले गुण एका पदार्थात आले, आणि माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील ही सर्वांत सुंदर जुळणी आहे.

तिचा उपयोग कोठवर गेला ते पाहण्यासारखे आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर टांझानियात यो फ्रेंकन यांनी वीज आणि ड्रिल नसलेल्या ठिकाणी केवळ हातातील उपकरणांनी मऊ झालेली कीड काढून खड्डा भरण्याची पद्धत सुरू केली. पुढे तिच्यासाठी ग्लास आयोनोमर सिमेंट हेच मुख्य साधन ठरले आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९४ मध्ये ती पुढे आणली. ज्या गावात दंतवैद्याची खुर्चीही पोचत नाही तेथेही दात काढण्याऐवजी वाचवता येतो, याचे श्रेय या चिकटपणाला आहे. कॉम्पोझिटच्या तुलनेत हे सिमेंट ठिसूळ असते आणि मोठ्या दाढेच्या मोठ्या खड्ड्यात लवकर झिजते, ही त्याची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते.

आम्ल लावल्याने दात खराब होत नाही का?

ही शंका रास्त आहे. आज वापरतात ते आम्ल साधारण ३७ टक्के तीव्रतेचे, बहुधा निळ्या रंगाच्या जेलच्या रूपात असते आणि ते काही सेकंदच दातावर राहते. त्याने निघणारा इनॅमलचा थर काही मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी, आणि तयार झालेली छिद्रे लगेच रेझिनने भरून जातात. अमाल्गमसाठी माठासारखा खड्डा कोरताना जेवढा चांगला दात गमवावा लागे त्याच्याशी याची तुलनाच होऊ शकत नाही.

रेझिनबाबत आणखी एक प्रश्न विचारला जातो. बिस-जीएमए तयार करताना बिस्फेनॉल-ए हे वादग्रस्त रसायन वापरलेले असते, आणि फिलिंगनंतर लगेच त्याचे अत्यल्प अंश लाळेत आढळू शकतात. हे प्रमाण काही तासांत उतरते. वरचा न जमलेला पातळ थर पुसून घेणे आणि चूळ भरणे यांनी ते आणखी कमी होते. गरोदरपणात तातडीचे नसलेले काम पुढे ढकलायचे का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते.

चांदीपेक्षा हे जास्त टिकते का?

याचे प्रामाणिक उत्तर ‘प्रत्येक ठिकाणी नाही’ असे आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये घेतलेल्या आढाव्यांत मागच्या कायमच्या दाढांमधील कॉम्पोझिट फिलिंग निकामी होण्याचा धोका अमाल्गमच्या जवळपास दुप्पट आढळला, आणि त्यातही पुन्हा कीड लागण्याचा भाग मोठा होता. कॉम्पोझिट घट्ट होताना थोडे आकसते, त्यामुळे कडेला ताण येतो. संकरित थरात जेथे रेझिन पोचलेले नसते तेथे पाणी शिरते, आणि डेंटिनमधीलच काही विकरे (एन्झाइम) उघड्या कोलॅजेनला हळूहळू कुरतडतात. कारागिरीतली घाई याला मदत करते.

असे असूनही मी लहान आणि मध्यम खड्ड्यांसाठी चिकटणाऱ्या पदार्थांच्याच बाजूने आहे, कारण फिलिंग निकामी झाले तरी दात जास्त उरलेला असतो, आणि पुष्कळदा पूर्ण फिलिंग न काढता तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. अमाल्गमच्या प्रत्येक बदलाबरोबर खड्डा मोठा होत जातो आणि शेवटी कॅपची वेळ येते.

मग जुनी चांदी काढून टाकावी का?

घट्ट बसलेली, कडेला कीड नसलेली चांदी केवळ भीतीपोटी काढू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्लाही असाच आहे. कोरून काढतानाच पाऱ्याची वाफ अधिक बाहेर पडते आणि चांगला दातही थोडा जातो. मिनामाता करार मुख्यतः पर्यावरणातील पाऱ्यासाठी आहे. जपानमधील ज्या गावाचे नाव या कराराला दिले आहे, तेथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा मासळीतून माणसांच्या शरीरात गेला आणि असंख्य लोक कायमचे जायबंदी झाले. दवाखान्याच्या सांडपाण्यातून किंवा स्मशानातल्या धुरातून जाणारा पारा हा त्याच काळजीचा भाग आहे. लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना नवी चांदी भरू नये, याविषयी मात्र आता फारसे दुमत उरलेले नाही.

तोंड मिटू नका, असे का सांगतात?

चांदी भरताना थोडी लाळ लागली तर ती बहुतेक वेळा खपून जाई. चिकटणाऱ्या पदार्थांचे तसे नाही. आम्लाने तयार केलेल्या इनॅमलला लाळेचा नुसता स्पर्श झाला तरी तिच्यातील प्रथिने त्या सूक्ष्म छिद्रांची तोंडे बंद करतात आणि आम्ल पुन्हा लावावे लागते. म्हणून कापसाच्या गुंडाळ्या, लाळ ओढणारी नळी आणि शक्य असेल तेथे रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवलेली रबराची पातळ चादर, हे सगळे लागते. रबर डॅम न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये प्रथम वापरला. त्या वेळी दाताला चिकटणारे एकही सिमेंट अस्तित्वात नव्हते, पण आज रबराच्या त्या चादरीची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. तोंडावर ती चादर आली की गुदमरल्यासारखे वाटते, हे खरे आहे. नाकाने सावकाश श्वास घेत राहिले की ते जमते, आणि डॉक्टरांना त्या निळ्या जेलपासून शेवटच्या थरापर्यंतची दहा-पंधरा मिनिटे कोरडी मिळतात.